पाण्यावरचे बिऱ्हाड

मास्तराने सुट्टीत कोठे जावे, याविषयी आपल्याकडचे संकेत ठरलेले आहेत. कुलदैवत, मुलीचे सासर, आणि फारच हौस आली तर पचमढी. आमचा आजवरचा प्रवास याच त्रिकोणात झाला. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात इंदूरचा हा सरकारी मुख्याध्यापक सपत्नीक आफ्रिकेत गेला आणि तेथील एका सरोवरावर हाऊसबोटीत चार दिवस राहून आला, हे वृत्त आमच्या शिक्षककक्षात प्रथम कोणी खरे मानीना. विज्ञानाच्या बाईंनी तर, "सर, केरळला गेला असाल," असे म्हणून आमची चूक दुरुस्त करण्याचाही यत्न केला.

आमच्या थोरल्या भगिनीचा मुलगा औषधांच्या व्यवसायात असून काही वर्षांपासून झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारे येथे, राहतो. त्याचा आग्रह दोन वर्षे चालू होता. शेवटी खात्याची परवानगी, पीतज्वराची लस, हिवतापाच्या गोळ्या आणि सौभाग्यवतीने बांधलेले मेतकूट, एवढी सिद्धता करून आम्ही मुंबईहून अदिस अबाबामार्गे हरारेस पोहोचलो. इंदुरास बेचाळीस अंशांची काहिली चाललेली, आणि येथे पहाटे स्वेटर घालावा लागे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस मे महिन्यात हिवाळ्याचे पाऊल पडते, हे आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. प्रत्यक्षात मात्र स्वेटर भाचेसुनेचा उसना घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना भाच्याने बेत उघड केला. "मामा, परवा कारीबाला निघायचं. चार दिवसांची हाऊसबोट ठरवली आहे. हत्ती, पाणघोडे, मगरी, सगळं बोटीवरून दिसतं. आणि तुम्हाला टायगर फिश धरायला लावणार आहे."

"कारीबा म्हणजे काय? तळं आहे?" सौ.ने विचारले.

"सरोवर आहे, मामी. झांबेझी नदीवर धरण बांधलंय ना, त्याचं."

सौ. पुढे काही बोलली नाही. ताटातले संपवून ती उठली. भाच्याला वाटले, प्रवासाचा शीण असेल. आम्हांस कारण ठाऊक होते; पण ते त्या पोराच्या उत्साहावर ओतावे असे वाटेना.

वाचकांपैकी जे खंडवा-बऱ्हाणपुराकडचे आहेत त्यांना हरसूद हे नाव सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. नर्मदेवरील इंदिरासागर धरणाच्या पाण्यात गेलेले हे खंडवा जिल्ह्यातील गाव. गाव म्हणण्यापेक्षा शहरच. बाजारपेठ, शाळा, रेल्वे स्थानक सर्व काही असलेले. १९८९ च्या सप्टेंबरात देशभरातून हजारो माणसे तेथे जमली होती आणि विनाशी विकास नको अशी शपथ तेथे घेतली गेली होती. ३० जून २००४ पर्यंत गाव रिकामे करण्याचा हुकूम झाला आणि गाव रिकामे झाले. माणसांनी आपापली घरे आपल्याच हातांनी पाडली, कारण विटा, पत्रे आणि दारांच्या चौकटी नव्या जागी नेता येत होत्या. आमची शिक्षकपदाची पहिली नेमणूक १९९४ साली तेथीलच. सौ.चे ते माहेर. आमचे श्वशुर पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी सागवानी चौकट काढून गाडीवर घातली, ती छनेऱ्याजवळच्या नव्या हरसुदात बसविली. पाटा मात्र राहिला. गाडीवाला म्हणाला, आधीच वजन फार झाले आहे. सासूबाईंनी तो पाटा मागील दारी भिंतीशी टेकवून ठेवला, जणू चार दिवसांनी येऊन नेणार आहेत.

पुढे त्याच पाण्यावर हनुवंतिया येथे पर्यटनस्थळ झाले. २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरतो, तंबू लागतात, नौकाविहार होतो. आमच्या शाळेची सहल दोनदा गेली. आमच्या आप्तांपैकी बहुतेक जण जाऊन आले आणि छायाचित्रे दाखवून गेले. सौ. कधी गेली नाही. त्याविषयी तिने कधी भाषण केले नाही, कोणाला दोष दिला नाही. जाऊ या असे कोणी म्हटले की तिला नेमके त्या दिवशी काही काम निघे. एकवीस वर्षे हा प्रकार चालला होता.

तेव्हा त्या रात्री आम्ही तिला म्हटले, "आपण नको म्हणून सांगू का? त्याला वाईट वाटेल, पण समजेल."

"पैसे भरलेत त्याने," ती म्हणाली. "आणि हे काही आपलं पाणी नव्हे."

हरारे ते कारीबा हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या वर आहे. चिन्होई, करोई ही गावे मागे पडली की मकुटीपासून रस्ता डोंगराची कड उतरू लागतो. हवा गरम होत जाते, आणि एका वळणावर खाली पाणी दिसते. पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्राशी आमचा परिचय अल्प असल्याने आम्हांस तो समुद्रच वाटला. भाचा गाडी थांबवून म्हणाला की जगातील मानवनिर्मित जलाशयांत साठवणीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा आहे. पूर्ण भरला असता सुमारे १८० अब्ज घनमीटर पाणी. आमचा इंदिरासागर, जो भारतात पहिल्या क्रमांकाचा मानला जातो, तो १२ अब्जांच्या आसपास. म्हणजे तसले पंधरा जलाशय यात मावतील. हा हिशेब आम्ही मनातच केला.

धरण आधी पाहिले. १२८ मीटर उंचीची ती कमानदार भिंत फ्रेंच अभियंता आंद्रे कोयन याच्या आराखड्यानुसार बांधलेली. काम १९५५ साली सुरू झाले. १९५७ व १९५८ या लागोपाठच्या वर्षी नदीस असे पूर आले की बांधकामाचे बंधारे आणि पूल वाहून गेले. त्या खोऱ्यातील टोंगा लोकांचे म्हणणे होते की नदीचा देव न्यामिन्यामी कोपला. मत्स्यमुखी, सर्पदेही असा हा देव. धरणाची भिंत उभी राहिल्याने तो एका बाजूस आणि त्याची पत्नी दुसऱ्या बाजूस राहिली, आणि अधूनमधून धरणी हलते ती तो तिच्याकडे जाऊ पाहतो म्हणून, अशी कथा तेथे सांगतात. तरीही डिसेंबर १९५८ मध्ये नदी अडली, १७ मे १९६० रोजी इंग्लंडच्या राजमातेने वीजगृहाची कळ दाबली आणि १९६३ साली सरोवर काठोकाठ भरले. कामावर ८६ माणसे मृत्यू पावली. त्यांच्या स्मरणार्थ इटालियन कामगारांनी टेकडीवर बांधलेले वाटोळे प्रार्थनामंदिर आहे. ज्यांना पूर्वी ऱ्होडेशिया म्हणत त्या दोन वसाहतींच्या सीमेवरची ही भिंत आज झांबिया आणि झिंबाब्वे या देशांची सामाईक मालमत्ता आहे.

धरणी हलण्याची गोष्ट निव्वळ कथा नव्हे, हे महाराष्ट्राशी नाते असलेल्या वाचकांना पटकन कळावे. सरोवर भरले त्याच वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, येथे सहाहून अधिक क्षमतेचा भूकंप झाला. चार वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, आमचे कोयनानगर हादरले. पाण्याच्या भाराने व झिरपण्याने जमिनीतील जुन्या भेगा सरकू शकतात, या विषयाच्या अभ्यासात कारीबा आणि कोयना ही दोन नावे तेव्हापासून शेजारी शेजारी लिहिली जातात. ही माहिती आम्ही भाचेनातवास दिली. वय वर्षे आठ. त्याला न्यामिन्यामीची उपपत्ती अधिक पसंत पडली.

हाऊसबोट म्हणजे दुमजली लाकडी-लोखंडी घरच. खाली निजायच्या खोल्या व स्वयंपाकघर, वर चहूबाजूंनी मोकळा असा माडीसारखा भाग. त्यावर मच्छरदाण्यांखाली गाद्या. मागे दोन छोट्या होड्या दोरीने बांधलेल्या, कारण मासेमारीस व काठाजवळ जाण्यास त्याच उपयोगी. नौकेवर तिघे कर्मचारी: कप्तान, त्याचा साहाय्यक आणि एक आचारी. भाचेसून मूळची मालवणकडची. तिने आचाऱ्याशी पहिल्या अर्ध्या तासात सूत जमविले, आणि आम्ही दोघे शाकाहारी आहोत ही वार्ता त्याला सांगितली. त्याने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले ती आम्ही विसरणार नाही.

बंदर सोडून समोरच्या मातुसादोनाच्या डोंगरांच्या दिशेने निघालो. तीन-एक तासांनी काठ जवळ आला, आणि काठाच्या आधी झाडे आली. पाण्यात उभी असलेली, वाळलेली, पांढुरकी झाडे. शेकडो. मोपाने नावाचा हा वृक्ष, त्याचे लाकूड असे चिवट की साठ-पासष्ट वर्षे पाण्यात उभे राहूनही कुजले नाही. प्रत्येक शेंड्यावर एकेक पाणकावळा पंख वाळवीत बसलेला. मधूनच एखाद्या ठेंगण्या बुंध्यावर मत्स्यगरुड, पांढऱ्या डोक्याचा, आणि त्याची ती लांबवर जाणारी, मान मागे टाकून घातलेली साद. नौकेचा वेग कमी झाला. कप्तान त्या खोडांमधून वाट काढू लागला. पाणी अद्याप पुरते भरलेले नव्हते. २०२४ च्या दुष्काळाने सरोवर फार उतरले होते. त्याच्याही आधी, २०२२ च्या अखेरीस, पाण्याअभावी झिंबाब्वेच्या बाजूची वीजनिर्मिती थांबविण्याचा आदेश निघाला होता, असे भाच्याने सांगितले. म्हणून एरवी बुडालेले बुंधेही आता दिसत होते.

सौ. कठड्याशी उभी होती. "ही झाडं आधीची?" तिने विचारले. आम्ही होय म्हटले. मग ती बराच वेळ तेथेच उभी राहिली.

आता वन्य प्राण्यांविषयी. या विषयावर लेखकू मंडळी पाने भरतात. आम्ही दोनच दृश्ये सांगतो. पहिल्या संध्याकाळी नौका एका खाडीत काठाशी बांधली होती. पाणी हटलेल्या जागेवर हिरवे गवत उगवते, ते येथल्या म्हशींचे व हत्तींचे कोरड्या ऋतूतील अन्न. सूर्य खाली गेला आणि झाडीतून हत्तींचा कळप बाहेर आला. नऊ मोजले. एक मादी नौकेपासून पन्नास पावलांवर येऊन गवत उपटू लागली. प्रत्येक जुडी उपटली की ती सोंडेने आपटून मुळांचा चिखल झाडायची, मगच तोंडात घालायची. सौ. म्हणाली, "बघा, मेथी निवडतेय." कळपातील पिल्लाने आईची नक्कल करायला एक जुडी उपटली, चार वेळा आपटली, आणि खायची विसरून टाकून दिली. तासभर हे चालले होते. कोणी बोलले नाही, भाचेनातूदेखील.

दुसरे दृश्य दिसले नाही, ऐकू आले. रात्री पाणघोडे चरायला काठावर येतात. नौकेच्या लाकडी भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, कोणी तरी प्रचंड जीव गवत खसाखसा ओरबाडीत आहे आणि मधूनच खोल गळ्यातून हसल्यासारखा आवाज काढीत आहे. आम्ही दिवा लावला नाही. पाण्यात पोहणे तर दूरच, हातही घालू नका अशी कप्तानाची ताकीद होती, कारण मगरी. दुपारी अशाच एका वाळूच्या पट्ट्यावर तोंड वासून पडलेली दहा-बारा फुटांची मगर आम्ही पाहिली होती. भाचेनातू तिला दात मोजायला सांगत होता.

मासेमारीच्या प्रकरणात आमची अप्रतिष्ठा झाली, ती लपवीत नाही. टायगर फिश हा या सरोवराचा मानकरी. अंग रुपेरी, त्यावर काळ्या आडव्या रेघा, कल्ले व शेपटी केशरी, आणि दात बाहेर आलेले, एकमेकांत अडकणारे. साधी दोरी तो कुरतडून टाकतो, म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा जोडावा लागतो. सोळा किलोंपर्यंतचा मासा येथे धरला गेल्याची नोंद आहे. त्याचा खरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, पाणी तापल्यावर. मे महिन्यात तो मंदावलेला असतो असे भाच्याने आधीच सांगून ठेवले होते, बहुधा आमच्या अपयशाची तरतूद म्हणून. छोट्या होडीत दीड तास बसलो. शाळेच्या पटावर सही करावी तितक्या अलिप्तपणे आम्ही काठी धरली होती. अकस्मात असा हिसका बसला की काठी हातातून जाता जाता राहिली. भाचा ओरडला, "मामा, ओढा! ढिली सोडू नका!" मासा पाण्याबाहेर उसळला, ऊन त्याच्या अंगावर लखकन चमकले, त्याने डोके झटकले आणि गळ आमच्याकडे परत फेकून तो निघून गेला. सारे दहा सेकंदांत. सौ. मोठ्या नौकेच्या माडीवरून पाहत होती. तिने टाळ्या वाजविल्या, त्या माशासाठी होत्या.

भाच्याने दोन धरले, मोजले आणि पाण्यात परत सोडले. आजकाल तशीच रीत आहे. त्याने आम्हांस बरे वाटले, तरी धरलेल्याला दमवून सोडण्यात कोणता पुरुषार्थ, हा प्रश्न आमच्या शाकाहारी बुद्धीस पडलाच. पोटासाठी धरणाऱ्यांविषयी तो पडत नाही. तशी माणसेही तेथे आहेत, आणि त्यांच्यामुळे रात्रीची एक शोभा आहे. कापेंटा म्हणून बोटाएवढा मासा १९६७-६८ च्या सुमारास टांगानिका सरोवरातून आणून येथे सोडला. कारण झांबेझीचे मूळचे मासे नदीचे. एवढ्या खोल, उघड्या पाण्यात राहणारी जात त्यांत नव्हती. तो कापेंटा असा फोफावला की आज त्यावर दोन्ही देशांतील हजारो घरांची चूल पेटते. टायगर फिशही त्याच्यावरच पोसतो. रात्री तराफ्यांवर प्रखर दिवे लावून, मासा उजेडाकडे आला की खालून गोल जाळे उचलायचे. चांदणे असले की हा दिवा फिका पडतो, म्हणून पौर्णिमेच्या आसपास तराफे निघत नाहीत. आमच्या सुदैवाने वैशाख अमावास्या जवळ आली होती. नऊ वाजता वर गेलो तो क्षितिजावर दिव्यांची रांग. भाचेसून म्हणाली, "वाळवला की आमची सुकटच." भाचा म्हणाला, "जणू गाव वसलंय."

सौ. त्यावर म्हणाली, "गावच आहे. खाली."

वर आकाशात दक्षिणेचा क्रूस डोक्याच्या बाजूला आलेला. इंदुरास तो मे महिन्यात क्षितिजालगत, धुरात शोधावा लागतो. ध्रुव मात्र येथे नाही. विषुववृत्त ओलांडले की तो जमिनीखाली जातो. लहानपणी ज्याला अढळ म्हणून शिकलो तोच गैरहजर, याची रुखरुख आम्हांस उगाच लागून राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तो प्रसंग ओढवून घेतला. "या काठावर प्राणी इतके कसे?" असे आम्ही कप्तानास विचारले. त्याने उत्साहाने सांगितले. पाणी चढू लागले तेव्हा टेकड्यांची बेटे झाली आणि त्यांवर प्राणी अडकले. रूपर्ट फॉदरगिल या वनाधिकाऱ्याने १९५८-५९ पासून पुढील चार-पाच वर्षे मूठभर सोबती घेऊन त्यांची सुटका केली. हरणे पोहत पकडली, साप काठीच्या फासात धरले, गेंड्यांना गुंगी देऊन तराफ्यावरून आणले. साध्या दोरांनी प्राण्यांचे पाय कापतात म्हणून स्त्रियांनी आपले नायलॉनचे पायमोजे पाठविले, त्यांच्या वेण्या करून दोर केले. बायबलमधील नोहाच्या नावाने ही मोहीम जगभर गाजली. पाच-सहा हजार प्राणी वाचले, आणि पुष्कळसे याच मातुसादोनाच्या रानात सोडले गेले. आम्ही पाहिलेले हत्ती त्यांचेच वंशज असतील.

सौ.ने विचारले, "आणि माणसं?" भाच्याने इंग्रजीत भाषांतर केले. कप्तान शोना जमातीचा, दूरच्या गावचा. त्याने आचाऱ्याकडे बोट दाखविले. "याला विचारा. हा टोंगा आहे."

आचारी आमच्याच वयाचा निघाला. पाणी भरल्यानंतर चार-पाच वर्षांनी जन्मलेला. नदीच्या दोन्ही तीरांवरचे सुमारे सत्तावन्न हजार टोंगा लोक तेव्हा उठविले गेले. पुराच्या गाळावर वर्षात दोन पिके काढणारी ही माणसे पाण्यापासून दूर, खडकाळ व कोरड्या जमिनीवर नेली. पलीकडच्या तीरावर एका गावाने जाण्यास नकार दिला. १० सप्टेंबर १९५८ रोजी भाले घेऊन उभ्या राहिलेल्या त्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांत आठ जण मेले. हे आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होते. धरणाची वीज दूरच्या तांब्याच्या खाणींना गेली आणि काठचे टोंगा कित्येक दशके अंधारात राहिले, हेही. थेयर स्कडर नावाच्या ज्या अमेरिकन विद्वानाने एलिझाबेथ कोल्सन यांच्यासह १९५६ पासून या लोकांचा अभ्यास केला, तोच १९८३ साली जागतिक बँकेच्या वतीने आमच्या नर्मदेवर, सरदार सरोवराच्या विस्थापितांची पाहणी करण्यास आला होता. कारीबास जे घडले त्याची दखल नर्मदेपर्यंत पोहोचली होती. एवढे असून हरसूद हरसूदच झाले.

पण आचाऱ्याने यांतले काहीच सांगितले नाही. हात पुसून तो पायरीवर बसला. आईने सांगितलेले सांगतो, म्हणाला. मालमोटारी आल्या. पावसाच्या देवाची स्थाने पाण्यात जाणार होती, म्हाताऱ्यांनी विचारले की देव कोणत्या गाडीत बसवायचा. पुरलेले पूर्वज तर हलविता येत नव्हते. आई मरेपर्यंत या पाण्याला कधी सरोवर म्हणाली नाही. नदी म्हणे. "नदी सध्या रुंद झाली आहे," असे म्हणे.

सौ.ने भाच्याला सांगितले, "विचार त्याला, नेता काय आलं नाही?"

प्रश्न ऐकून तो हसला. म्हणाला, "जे चालू शकत नव्हते ते सर्व." मग थोड्या वेळाने हातांनी आकार दाखवीत म्हणाला, "आईचा दळायचा दगड. मोठा होता. गाडीत जागा नव्हती."

भाच्याने त्याचे मराठी केले. सौ.ने आमच्याकडे पाहिले नाही. ती उठली, खाली स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्यामागून तोही गेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तासाभराने भाचेसून हसत वर आली, म्हणाली, "मामी त्याला पिठलं शिकवताहेत. बेसन मीच आणलं होतं." त्या रात्री सर्वांनी, कप्तानासकट, सादझा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि तिच्यासोबत पिठले खाल्ले. आचाऱ्याने दोनदा घेतले. त्याला आमच्याविषयी वाटणारी करुणा थोडी कमी झाली असावी.

शेवटच्या सकाळी सौ. स्वतः होऊन म्हणाली की छोट्या होडीतून त्या झाडांमध्ये जायचे आहे. आम्ही दोघे व आचारी गेलो. त्याने यंत्र बंद केले. पाणी अगदी स्तब्ध होते. एका बुंध्याजवळून जाताना तिने हात लांब करून लाकडाला लावला. मगरीची आठवण आम्ही करून दिली नाही.

कारीबा गावात परतल्यावर भाच्याने आम्हांस न्यामिन्यामी कोरलेली काठी घेऊन दिली. वेटोळे घातलेला साप, टोकाला माशाचे तोंड. ती आता आमच्या कार्यालयात कोपऱ्यात उभी आहे. पाचवीची मुले तिला पाहण्यासाठी उगाच रजेचे अर्ज घेऊन येतात.

३१ मे रोजी सुट्टी संपली. जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सौ. डबा भरून तयार होती. "पाऊस लागायच्या आत पाणी उतरलेलं असतं म्हणतात," ती म्हणाली. खंडव्यापर्यंत बस, तेथून छनेऱ्याची गाडी, पुढे भाड्याची जीप. जुन्या हरसुदाच्या दिशेचा रस्ता एके ठिकाणी सरळ पाण्यात शिरतो, तेथे उतरलो. बाजूला काही जोती उघडी पडली होती, त्यांवर शेळ्या चरत होत्या. कोणते जोते कोणाचे ते ओळखता येईना. आम्हांस शाळेची दिशादेखील सापडली नाही. सौ. एका दगडावर बसली. काठाला होडी लावून एक वृद्ध कोळी जाळे उलगडीत होता. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, आणि जाळे खाली न ठेवताच विचारले,

"कौन-से मोहल्ले की हो, बाई?"

सौ.ने मोहल्ल्याचे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, पोस्टाचे सांगितले. त्याने जाळे बाजूला ठेवले. जीपवाल्याने तीनदा भोंगा वाजविला तरी दोघांचे बोलणे संपले नव्हते.